कॅसेटवरून डिस्क करताना आवाज मागे पडतो, चित्र तुटतं: बिघाड नेमका कुठे शोधायचा

लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली, पिना कॉम्प्युटरला जोडल्या, तासभर रेकॉर्डिंग केलं. बघायला बसलं तर सीमांतपूजन व्यवस्थित, पण मंगलाष्टकांपर्यंत येईतो भटजींचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. किंवा वरातीच्या मध्यावर पडदा निळा होतो आणि पुढचं सगळं कोरं. किंवा फाइल उत्तम, पण डिस्क टीव्हीखालच्या प्लेयरमध्ये घातली की तो ती ओळखतच नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांनी घरी हे काम हातात घेतलं, त्यांच्याकडून हीच दुखणी पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात. इलाजही बहुतेकांनी एकच केलेला असतो: सॉफ्टवेअर बदललं, मग आणखी एक बदललं, मग विंडोज नव्याने टाकलं. दुखणं तिथंच.

माझं सांगणं असं की शोध कॅसेटच्या टोकापासून सुरू करा. आधी फीत, मग व्हीसीआर, मग वायर आणि वीज, मग कॅप्चरचं यंत्र (व्हीसीआरचं चित्र आणि आवाज कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये उतरवणारी डबी किंवा कार्ड), मग सॉफ्टवेअर आणि अगदी शेवटी डिस्क. कोकणात तर हाच क्रम हवा, कारण आपल्या माळ्यावरची फीत पंचवीस-तीस पावसाळे अंगावर घेऊन बसलेली असते. कॉम्प्युटरवर दिसणारे निम्म्याहून जास्त दोष तिच्यातून आलेले असतात असा माझा अनुभव आहे.

दोष कोणाचा ते आधी ठरवा

कॅसेटचा एकच पाच-दहा मिनिटांचा भाग निवडा, जिथे हमखास गडबड होते असा. तो दोनदा रेकॉर्ड करा आणि दोन्ही फाइली शेजारी शेजारी बघा. दोन्हींत अगदी त्याच क्षणी चित्र तुटत असेल, तर दोष फितीवर आहे. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी तुटत असेल, तर फीत बहुधा निर्दोष आहे. व्हीसीआर, वायर, वीज किंवा कॉम्प्युटर बघा. दोन्ही फाइली ठणठणीत आणि फक्त डिस्कच बिघडलेली असेल, तर मागचं काहीही न उकरता थेट डिस्कच्या भागाकडे या. एवढ्या एका चाचणीने पुष्कळ व्यर्थ धडपड वाचते.

इथे एक गैरसमज सगळ्यांचा होतो. व्हीसीआर जुन्या डबा टीव्हीला जोडला की चित्र छान दिसतं, आणि मग "कॅसेट तर बरी आहे, कॉम्प्युटरच खराब" असा निष्कर्ष निघतो. तो बरोबर नाही. जुन्या फितीवरचा संकेत वेळेच्या हिशोबात डळमळतो, एकेक रेघ किंचित लवकर किंवा उशिरा येते. गाताना बुवांचा ताल सरकला तरी पखवाजवाला सांभाळून घेतो, तसा पिक्चर ट्यूबचा टीव्ही त्या डळमळीबरोबर चालतो आणि आपल्याला काही कळू देत नाही. कॅप्चर कार्ड तसं करत नाही. त्याला सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक चित्र ६२५ रेघांचं, ठरल्या वेळी हवं असतं. ते वेळेवर आलं नाही की कार्ड ते चित्र सोडून देतं. सुटलेल्या चित्राला सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉप फ्रेम म्हणतात, आणि आवाज मागे पडण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

फीत: बुरशी आणि ओल

कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून रिळाकडे बघा. निरोगी फितीचं रीळ काळं-तपकिरी, गुळगुळीत आणि चकचकीत दिसतं. त्यावर पांढरे ठिपके, पिठासारखी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. एकदा घातली की बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. व्हीएचएसच्या, म्हणजे या नेहमीच्या मोठ्या कॅसेटींच्या, फितीवर एकेक अर्धं चित्र जिथे लिहिलेलं असतं ती पट्टी जेमतेम ४९ मायक्रॉन रुंद असते. बुरशीचा बारीकसा कणही तिच्यापुढे धोंडाच.

शेजारच्या काकी कॅसेट घेऊन आल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "माझ्या झिलाचा लगीन परत दिसतला मां रे?" कॅसेट हातात घेतली तर आतलं रीळ पांढरंफटक. काकींना स्पष्ट सांगितलं की दिसेल, पण आज नाही. तुम्हीही लोकांना असंच सांगा. घाई केली तर फीत व्हीसीआरमध्ये गुंडाळून तुटते आणि मग ती परत मिळत नाही.

बुरशी आधी मरगळू द्यावी लागते. हवेतली आर्द्रता साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती याच्या कितीतरी वर असते. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून त्यात कॅसेट उभी ठेवा आणि निदान दोन-तीन आठवडे विसरून जा. निळं सिलिका जेल ओल शोषून गुलाबी होतं, नारिंगी असेल ते हिरवं होतं. रंग बदलला की जेल तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, तेव्हा स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. जेलऐवजी तांदूळ घालतात काही जण. ते नको, तांदळाची भुकटी फितीवर बसते. डांबराच्या गोळ्याही नकोत.

ओल गेली की बुरशी कोरडी, भुकटीसारखी होते. मग घराबाहेर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, तोंडाला एन-९५ मास्क लावून काम करायचं. बुरशीचे कण फुफ्फुसात गेलेले चांगले नाहीत, दम्याच्या माणसाने तर हे काम दुसऱ्याकडेच द्यावं. कॅसेटच्या पाठीमागचे पाच स्क्रू काढा, झाकण उचला आणि आतल्या फितीचा मार्ग मोबाईलवर फोटो काढून ठेवा, परत बसवताना तोच कामाला येतो. रिळाच्या कडा धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने हलकेच पुसा. मग दोन्ही रिळं एखाद्या निरुपयोगी पण स्वच्छ कॅसेटच्या खोक्यात बसवा. फितीच्या चकचकीत किंवा मंद, कुठल्याच बाजूवर स्पिरिट, डेटॉल, खोबरेल लावायचं नाही. उन्हात तर मुळीच ठेवायचं नाही. फीत जेमतेम २० मायक्रॉन जाडीची असते, तापली की ताणली जाते आणि मग चित्राचा वरचा भाग कायमचा एका बाजूला वाकतो.

बुरशीची कॅसेट फिरवायला वेगळा, जुना व्हीसीआर ठेवता आला तर उत्तम. तो नसेल तर अशा सगळ्या कॅसेटी शेवटी घ्या आणि प्रत्येकीनंतर हेड साफ करा.

पुरात भिजलेल्या कॅसेटींचं वेगळं. चिपळूणला २००५ च्या आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा कपाटातल्या लग्नाच्या कॅसेटी चिखलात गेल्या. बऱ्याच घरांनी त्या तशाच वाळवून ठेवून दिल्या. चिखल फितीवर वाळला की तो सँडपेपरचं काम करतो. पुन्हा अशी वेळ आलीच तर कॅसेट चिखलासकट वाळू देऊ नका. खोकं उघडून रिळं स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्यात धुवा आणि सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर सावकाश सुकवा. आधीच चिखलात वाळलेली असेल तर घरी हात लावू नये, हे काम करणाऱ्या माणसाकडे द्यावी.

ज्या कॅसेटला बुरशी नाही, तिलाही एक गोष्ट करायचीच: रेकॉर्डिंगच्या आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवा. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटमध्ये सुमारे २६० मीटर फीत असते, वर्षानुवर्षं न हललेली तिची वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतात. फिरवल्यावर ती सुटतात, ताण सगळीकडे सारखा होतो, आणि पुष्कळदा चित्राची थरथर एवढ्यानेच कमी होते. फिरताना कुरकुर किंवा चिरका आवाज आला तर लगेच थांबवा. आणि कॅसेटच्या कण्याजवळची रेकॉर्डिंगची प्लास्टिकची चीप मोडलेली आहे ना, ते आधी बघा. नसेल तर मोडा, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी वरचं लग्न पुसलं जाणार नाही.

व्हीसीआर

नवा व्हीसीआर आता मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, आणि ती शेवटची होती. म्हणजे हातात जे यंत्र आहे ते जपायचं. बाजारात जुना घेत असाल तर आपल्यासमोर कॅसेट घालून, पुढे-मागे करून, दहा मिनिटं चालवून घ्या. फक्त चालवणारा व्हीसीपी असला तरी आपलं काम होतं.

पावसाळ्यात यंत्राच्या आत दव धरतं. काही व्हीसीआरच्या पट्टीवर त्यासाठी 'ड्यू' अशी खूण येते आणि यंत्र कॅसेट घ्यायलाच नकार देतं. तो बिघाड नव्हे, ते स्वतःला वाचवत असतं: ओल्या ड्रमला, म्हणजे हेडं बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला, फीत चिकटली की ती गुंडाळली जाते. यंत्र चालू करून रिकामं तासभर ठेवा, ओल सुकेल. एसीच्या खोलीतून कॅसेट दमट खोलीत आणली तरी हाच प्रकार होतो, तेव्हा कॅसेट आणि व्हीसीआर दोन्ही काही तास एकाच खोलीत राहू द्या.

चित्रावर सतत पांढरे फटकारे येत असतील किंवा चित्र बर्फासारखं विरून जात असेल, तर आधी व्हीसीआरवरचं ट्रॅकिंगचं बटण फिरवून बघा. त्याने सुधारलं नाही तर हेड मळलंय. व्हीसीआरचा प्लग भिंतीतून काढा, झाकण उघडा. चकाकणारा कलता ड्रम दिसेल. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्याच्या काठावर केसाएवढी नाजूक हेडं असतात. गुळगुळीत कोऱ्या कागदाची घडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, ड्रमच्या अंगाला हलकी टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग आडवा फिरवा. कागद वर-खाली हलवायचा नाही, हेड मोडतं. कापूस किंवा कान कोरायच्या काड्या चालत नाहीत, त्यांचे तंतू हेडमध्ये अडकतात. सॅनिटायझर नको. फितीच्या वाटेवरचे खांब आणि रबरी रोलरही पुसून घ्या. रबर कडक होऊन चकाकत असेल तर फीत घसरते, आवाज लहरतो. तो रोलर किंवा पट्टा बदलावाच लागतो. आतल्या वीजपुरवठ्याच्या भागाला बोट लावू नका, प्लग काढल्यावरही तिथे वीज साठलेली असू शकते.

चित्राच्या अगदी तळाशी पाच-दहा रेघांची फाटकी पट्टी दिसते, ती मात्र दोष नाही. प्रत्येक व्हीएचएस फितीवर ती असते. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची, कॉम्प्युटरवर उघडी पडते. हवी तर नंतर काळ्या पट्टीने झाका.

वायर, वीज आणि खारी हवा

समुद्राजवळच्या घरांत पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांवर हिरवट थर चढतो. त्यामुळे चित्र मध्येच जातं, रंग उडतो, एका बाजूचा आवाज बंद होतो. पिना आणि व्हीसीआरमागची भोकं अल्कोहोलने पुसा, पिना भोकात फिरवून बसवा. वायर स्वस्तातली आणि लांबलचक असेल तर बदला.

चित्रात आडव्या पट्ट्या सावकाश वर सरकत असतील आणि आवाजात घुंss ऐकू येत असेल, तर तो ५० हर्ट्झ विजेचा गुणगुणाट आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. पट्ट्या गेल्या तर अर्थिंगचा प्रश्न आहे. डिशची किंवा केबलची वायर व्हीसीआरला लावलेली असेल तर तीही काढा. घरचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर त्यावर हे काम करू नका, पट्ट्या आणि घरघर हमखास येते. आणि वीज जाण्याचा भरवसा नसेल तेव्हा लांबलचक कॅसेट लावू नये. वीज गेली तर फीत ड्रमवर गुंडाळलेलीच राहते. वीज परत आल्यावर बहुतेक यंत्रं ती स्वतःच सोडवून घेतात. हाताने कॅसेट ओढायची नाही.

आता आवाज मागे पडण्याचं मुख्य दुखणं

फाइलमध्ये आवाज आणि चित्र जुळतंय का हे ओठांवरून नीट कळत नाही. ढोलावर काठी पडते तो क्षण शोधा, किंवा टाळी, किंवा नारळ फोडताना झालेला ठक्क आवाज. शिमग्याच्या पालखीची कॅसेट असेल तर ढोलाला तोटा नाही. असे चार-पाच क्षण सुरुवातीपासून शेवटापर्यंत निवडा आणि प्रत्येक ठिकाणी किती फरक पडतो ते मांडा.

फरक एकदम उडी मारत वाढत असेल, म्हणजे विसाव्या मिनिटापर्यंत शून्य आणि एकविसाव्यात अचानक पाऊण सेकंद, तर मध्ये चित्रं सुटली आहेत. हिशोब सरळ आहे. सेकंदाला २५ चित्रं, तेव्हा २५ सुटली की चित्र आवाजाच्या एक सेकंद पुढे गेलं. म्हणूनच ओठ आधी हलतात. हे नंतर आवाज ओढून-ताणून दुरुस्त होत नाही. पुन्हा कॅप्चर करावं लागतं, आणि त्याआधी फीत व हेड यांची वर सांगितलेली निगा.

फरक शून्यापासून अगदी सारखा वाढत जात असेल, तासाच्या शेवटी अर्धा-पाऊण सेकंद, तर फीत बिचारी निर्दोष आहे. इथे दोन घड्याळं भांडत असतात. पुष्कळ जण चित्राची पिवळी पिन यूएसबीच्या कॅप्चर यंत्राला आणि आवाजाची पिन कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात लावतात. मग चित्र एका घड्याळावर मोजलं जातं आणि आवाज साउंड कार्डच्या दुसऱ्या घड्याळावर, आणि ती दोन्ही कधीच हुबेहूब सारखी चालत नाहीत. तिन्ही पिना कॅप्चर यंत्रालाच लावा. आवाजाचा दर सुरुवातीपासून ४८,००० हर्ट्झ ठेवा, डीव्हीडीला तोच लागतो. आधीच झालेलं रेकॉर्डिंग असेल तर ऑडॅसिटीमध्ये आवाजाची लांबी चित्राएवढी करून घेता येते, कारण फरक सगळीकडे सारख्याच दराने वाढतो.

फीत स्वच्छ, पिना बरोबर, आणि तरीही चित्रं सुटतात? मग कॉम्प्युटरकडे बघा. कॅप्चर यंत्र हबमध्ये न घालता थेट मागच्या यूएसबीला लावा. ज्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर फाइल जातेय ती त्याच शेजारच्या भोकात नको. अँटिव्हायरसची तपासणी, विंडोजचं अपडेट, झोपी जाण्याची सेटिंग, सगळं तेवढ्यापुरतं बंद. व्हर्च्युअलडबसारखं मोफत सॉफ्टवेअर किती चित्रं सुटली आणि किती भरली हे चालू असतानाच दाखवतं. तो आकडा दर दहा मिनिटांनी बघत राहा. आकडा वाढू लागला तर कॅसेट संपेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

सगळं करूनही फितीची डळमळ जात नसेल तर टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र लागतं, ते प्रत्येक रेघ वेळेवर आणून देतं. ते महाग आहे आणि सहज मिळत नाही. त्याऐवजी एखाद्या ओळखीच्याकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर असेल तर व्हीसीआर त्याला आणि त्याचं आउटपुट कॅप्चर यंत्राला जोडून बघा. काही रेकॉर्डर आतल्या आत संकेत सावरतात, आणि फरक डोळ्यांना दिसतो. याच्या उलट, पिवळ्या पिनेला एचडीएमआय करून देणारी स्वस्त डबी मी घेऊ नका म्हणेन. ती चित्र स्वतःच ताणते, रेघा मिसळते, आणि ते नंतर निस्तरता येत नाही.

निळा पडदा, काळं चित्र, रंग गायब

संकेत कमजोर झाला की काही व्हीसीआर आणि टीव्ही चित्राऐवजी निळा पडदा दाखवतात. मेनूत ब्लू बॅक किंवा ब्लू स्क्रीन असा पर्याय असतो, तो बंद करा. खराब का होईना, चित्र रेकॉर्ड होऊ द्या. घरच्या शूटिंगवर कॅप्चर कार्डाने "ही कॅसेट संरक्षित आहे" असं म्हणून हात वर केले तर घाबरू नका. विकतच्या सिनेमांच्या कॅसेटवर नक्कल रोखणारा मॅक्रोव्हिजन हा संकेत असतो, आणि फीत फार डळमळत असली की कार्डाला तोच असल्याचा भास होतो. इलाज पुन्हा तोच, फीत आणि हेड.

चित्र काळं-पांढरं येत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये पद्धत बघा. आपल्याकडे पाल. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी असते, सेकंदाला ३०च्या जवळपास चित्रं आणि ५२५ रेघा. आखातातून आलेले मल्टिसिस्टिम व्हीसीआर ती चालवतात, पण पुष्कळदा पाल-६० नावाच्या मधल्याच पद्धतीत बाहेर काढतात, आणि कार्डात तो पर्याय निवडला नाही तर रंग येत नाही.

चित्र आहे पण आवाज अजिबात नाही, असं विंडोज १० किंवा ११ वर झालं तर आधी सेटिंगमधल्या प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी बघा. कॅप्चर यंत्राचा आवाज विंडोजच्या लेखी मायक्रोफोनच असतो. आणि ईझीकॅप नावाने विकल्या जाणाऱ्या डब्या बाहेरून एकसारख्या दिसल्या तरी आत चार निरनिराळ्या चिप असू शकतात, एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव वाचून मगच ड्रायव्हर शोधा.

रेकॉर्डिंग दर वेळी बरोबर ४ जीबीवर थांबत असेल तर हार्ड डिस्क फॅट-३२ पद्धतीची आहे, एनटीएफएस करा. त्यातला मजकूर आधी बाजूला काढून ठेवा, कारण फॉरमॅट केल्यावर तो जातो. जागा भरपूर लागते: हफवाययूव्हीसारख्या दर्जा न घटवणाऱ्या पद्धतीत तासाला साधारण २५ ते ३५ जीबी.

हँडिकॅमच्या छोट्या कॅसेटी असतील तर त्याच कॅमेऱ्याची गरज पडते. मिनीडीव्हीवर तर सगळं आधीच डिजिटल असतं, ते पिवळ्या पिनेतून काढू नका. फायरवायर नावाच्या केबलने घ्या, तासाला सुमारे १३ जीबी, आणि आवाज सरकण्याचं दुखणंच उरत नाही.

डिस्क

फाइल उत्तम आणि डिस्क चालत नाही, याचं कारण बहुतेकदा एकच: एमपी४ फाइल तशीच डिस्कवर ओढून टाकली. साधा डीव्हीडी प्लेयर ती वाचत नाही. त्याला ७२० बाय ५७६ आकाराचं एमपीईजी-२ चित्र आणि व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर लागतो. डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर ते बनवून देतं, इमबर्न ते डिस्कवर लिहून देतं.

तीन तासांचं लग्न एका डिस्कवर कोंबू नका. ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये तीन तास बसवले तर सेकंदाला साडेतीन मेगाबिटही मिळत नाहीत, आणि अक्षता पडताना, फुलबाज्या उडताना चित्राचे चौकोन चौकोन होतात. दीड तासाला एक डिस्क ठेवली तर सात मेगाबिटच्या आसपास मिळतात आणि जुन्या फितीला ते पुरेसे आहेत. विवाह एका डिस्कवर, वरात आणि पूजा दुसऱ्यावर, अशी वाटणी घरच्यांनाही आवडते.

टीव्हीवर माणसं चालताना झटके देत पुढे-मागे होत असतील तर फील्डचा क्रम उलटा आहे. प्रत्येक चित्र एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या भागांत येतं, त्यांना फील्ड म्हणतात. व्हीसीआरवरून घेतलेलं पाल चित्र बहुधा वरचं फील्ड आधी असं असतं, मिनीडीव्हीचं खालचं आधी. डिस्कसाठी डीइंटरलेस करायचं नाही, म्हणजे फील्डांची सलग चित्रं बनवायची नाहीत, रेघा आहेत तशा राहू द्या. माणसं जाडी दिसत असतील तर १६:९ निवडलं गेलंय, ४:३ करा.

नावाच्या कंपनीची डिस्क घ्या, ४ किंवा ८ च्या वेगाने लिहा, लिहून झाल्यावर व्हेरिफाय करा (लिहिलेलं नीट वाचलं जातंय का ते तपासा) आणि जुन्या प्लेयरसाठी फायनलाइज, म्हणजे डिस्क बंद, करायला विसरू नका. वर कागदी लेबल चिकटवू नका, दमट हवेत ते आकसतं आणि डिस्क वाकते. पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहा. आपल्या हवेत लिहिलेल्या डिस्कचा रंगथर उन्हा-उष्णतेने बिघडत जातो, तेव्हा डिस्क हीच एकमेव प्रत ठेवणं मला मुळीच पटत नाही. कॅप्चरची मोठी फाइल हार्ड डिस्कवर ठेवा, तिची दुसरी प्रत मुंबईच्या भावाकडे किंवा पुण्याच्या बहिणीकडे असू द्या. ज्या घरात आता डीव्हीडी प्लेयरच नाही, त्यांना एमपी४ करून पेन ड्राइव्हवर द्या. त्यासाठी मात्र डीइंटरलेस करावं लागतं, हँडब्रेकमध्ये बॉब हा पर्याय निवडला तर सेकंदाला ५० चित्रं मिळून हालचाल जशी टीव्हीवर होती तशी मऊ राहते.

हे काम कधी करायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी, दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान. हवा तेव्हा सर्वांत कोरडी असते, हेड कमी मळतात, फीत कमी चिकटते. गणपतीत सगळे चाकरमानी घरी येतात आणि तेव्हाच कॅसेटी काढायची हुक्की येते, पण भाद्रपदातली हवा या कामाला सर्वांत वाईट. गणपतीत कॅसेटी गोळा करा, कोणती कोणाची आणि कोणत्या वर्षाची हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्या, कारण चेहरे ओळखणारी माणसं तेव्हाच एकत्र असतात. कॅसेटी सिलिका जेलच्या डब्यात घाला. फिरवायचं काम थंडीत.

ज्या कॅसेटवर गेलेल्या माणसाचा आवाज आहे, ती पहिल्या दिवशी लावू नका. आधी साध्या, कमी महत्त्वाच्या कॅसेटींवर व्हीसीआर आणि जोडणी पारखून घ्या. आणि डिस्क झाल्यावर कॅसेट फेकू नका: पूर्ण शेवटापर्यंत फिरवून, उभी, कोरड्या डब्यात, स्पीकर आणि स्टॅबिलायझरपासून लांब ठेवा. चांगलं यंत्र हाती आलं तर तीच फीत पुन्हा, याहून चांगली उतरवता येते.